जांघेतली खाज आणि आमची एक चूक

आज ज्या दुखण्याविषयी लिहायचे आहे, त्याचे नाव घरात कोणी मोठ्याने घेत नाही. ताप आला तर आपण शेजाऱ्याला सांगतो, दात दुखला तर कचेरीत सांगतो. पण जांघेत खाज सुटली तर नवरा बायकोला सांगत नाही आणि मुलगी आईला सांगत नाही. लिहिताना आमचाही हात अडखळतो आहे. तरीही लिहितो, कारण न बोलण्याची किंमत आमच्या घराने मोजली आणि आमच्यामुळे आणखी एका घरानेही मोजली.

आम्ही अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, एका कचेरीत कारकून आहोत. बी. कॉम. झाल्यापासून संध्याकाळच्या वेळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहिणे, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे लावून देणे, मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणे, अशी कामे करतो. त्यामुळे लोकांचा आमच्यावर भरवसा आहे. 'भाऊंना विचारा, त्यांना माहीत असेल,' असे म्हणतात. पुढे जे घडले ते या भरवशामुळेच घडले.

२०२३ च्या मार्च महिन्यात आमच्या उजव्या जांघेत खाज सुटली. कचेरीत रेक्झिनची खुर्ची, अंगात टेरिकॉटची पँट, वर पंखा गरम हवा फेकणारा. दिवसभर बसून घाम मुरायचा. आम्ही म्हटले, घामोळे असेल. पावडर टाकली. आठ दिवसांनी पाहिले तर लालसर चकंदळ झालेले. कडेला उंचवटा, कडेवर बारीक पुटकुळ्या आणि कोंडा. मधला भाग त्या मानाने स्वच्छ. रोज थोडे पुढे सरकत होते. लहानपणी गावाकडे गचकर्ण म्हणायचे ते हेच, हे आम्हाला तेव्हाही कळले होते. पण डॉक्टरपुढे कपडे उतरवायची लाज वाटली.

मग सगळे करतात तेच आम्ही केले. मेडिकलच्या दुकानात गेलो, दोन बायका औषध घेऊन जाईपर्यंत बाजूला उभे राहिलो आणि हळूच म्हणालो, "खाजेची ट्यूब द्या." कुठे खाजते, किती दिवस झाले, काही विचारणे नाही. ट्यूब मिळाली. लावली आणि दोन दिवसांत खाज गेली. चार दिवसांत लाली गेली. आम्ही खूश! लावायचे बंद केले की आठवड्याने खाज परत येई. पुन्हा लावले की जाई. यात काही चुकते आहे असे आम्हाला वाटलेच नाही. उलट, औषध रामबाण आहे, अशी खात्री पटली.

एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, शेजारच्या घरी पाथर्डी तालुक्यातला एक तरुण पाहुणा आला. तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास जायचे, गळीत हंगाम संपला की परत यायचे. मिरवणूक संपल्यावर त्याने आम्हाला बाजूला घेतले. खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? मला लई खाजतंय. बायकोलापण. एस. टी. स्टँडजवळच्या भिंतीवर लिहिलंय ना गुप्तरोग, तसलं तर नसंल?"

त्याच्या मनात काय चालले असेल ते आम्ही ओळखले. बायकोने आपल्यावर संशय घेतला असेल, किंवा याने तिच्यावर. आम्ही त्याला धीर दिला, "अरे, हे गचकर्ण आहे. मलाही झालंय." आणि खिशातल्या चिठ्ठीवर त्या ट्यूबचे नाव लिहून दिले. धीर दिला ते बरोबर होते. चिठ्ठी दिली ती चूक होती. डॉक्टर नसताना आम्ही औषध लिहून दिले. आणि तेही न वाचता.

पावसाळ्यात आमचे गजकर्ण दुसऱ्या जांघेत गेले, मग कुल्ल्यावर, मग कंबरेला गोल. ट्यूबने आता पूर्वीसारखा गुण येईना. नवरात्राच्या उकाड्यात एका रात्री पाहिले, तर आमची सहचारिणी मोरीत उभी राहून परकराच्या नाडीखाली खसाखसा खाजवत होती. आम्हाला पाहून चपापली. किती दिवसांपासून आहे म्हणून विचारले तर म्हणाली, "जून महिन्यापासून." सांगितले का नाहीस म्हटल्यावर ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं? कपाटात तुमची ट्यूब दिसली, तीच लावत होते."

दुसऱ्या दिवशी उजेडात तिने मांडी दाखवली. जांघेच्या बाजूला तांबडे-जांभळे लांब ओरखडे उमटले होते, बाळंतपणात पोटावर उमटतात तसे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. ते पाहिल्यावर मात्र आमची लाज पळाली. रजा टाकली आणि दोघेही सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिला महिला डॉक्टरांनी पडद्याआड तपासले. ज्या गोष्टीला आम्ही सात महिने घाबरलो, ती पाच मिनिटांत उरकली.

डॉक्टरांनी बोथट पात्याने चकंदळाच्या कडेचा कोंडा हलकेच खरवडला. काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली आम्हालाही पाहू दिले. बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसत होते. ती बुरशी. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या थरात केराटीन नावाचा पदार्थ असतो, त्यावर ती जगते. ऊब आणि ओल मिळाली की फोफावते. जांघेसारखी जागा तिला आणखी कुठे मिळणार?

मग डॉक्टरांनी आमची ट्यूब मागितली. "यावर काय लिहिलंय ते वाचलं का?" आम्ही रोज कचेरीत फायलींवरचे बारीक शेरे वाचतो, एका शब्दाची चूक काढून अर्ज परत पाठवतो, पण त्या ट्यूबवरचा बारीक छाप आम्ही एकदाही वाचला नव्हता. त्यात बुरशीचे औषध होते, जंतूंचे औषध होते आणि शिवाय क्लोबेटासॉल होते. क्लोबेटासॉल हे अतिशय कडक स्टिरॉइड.

डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. खाज, सूज आणि लाली म्हणजे बुरशीविरुद्ध शरीराने चालवलेली लढाई. स्टिरॉइड ती लढाईच थांबवते. माणसाला वाटते, रोग गेला. प्रत्यक्षात राखणदार झोपलेला असतो आणि चोराला घर मोकळे मिळते. बुरशी आत पसरत राहते. चकंदळाची कडही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरलासुद्धा रोग चटकन ओळखता येत नाही. जांघेतली कातडी मुळातच नाजूक, शिवाय घडीत दबलेली. तिथे औषध जास्त शोषले जाते. म्हणून कातडी पातळ होते आणि ओरखडे उमटतात. ते कालांतराने फिके होतात, पण पुरते जात नाहीत.

स्टिरॉइड हे वाईट औषध आहे असा याचा अर्थ नव्हे. इसबासारख्या रोगांत डॉक्टर ते मोजून-मापून देतात. बुरशीवर मात्र ते शत्रूला रसद पुरवल्यासारखे होते. केंद्र सरकारने २०१८ च्या मार्च महिन्यात १४ स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच' मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला. नियम झाला तरी चिठ्ठीशिवाय मागणारे आमच्यासारखे गिऱ्हाईक आहेच.

याचा परिणाम एका घरापुरता राहत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण फार चिवट झाले आहे. पूर्वी साध्या मलमाने जाणारा रोग आता महिनोन् महिने जात नाही. मिश्र मलमांचा बेसुमार वापर हे त्यामागचे एक मोठे कारण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. या चिवट बुरशीच्या एका जातीला २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. त्या नावातच 'इंड' म्हणजे भारत आहे. तिच्यापुढे टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध पुष्कळदा चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कलाही या बुरशीचे रोगी सापडले. भारताचे नाव जगात अशा कारणाने जावे, याचे वाईट वाटते.

आता ओळखायचे कसे, ते सांगतो. जांघेतली प्रत्येक खाज गजकर्ण नसते.

गोल किंवा अर्धगोल चकंदळ, कड उठावदार, मध्य स्वच्छ, हळूहळू मांडीवर पसरणारे, असे असेल तर बहुधा बुरशीचे गजकर्ण. पुरुषांत ते सहसा अंडकोशाची कातडी सोडून पसरते. अशा वेळी पायाच्या बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. बऱ्याचदा रोग तिथून वर येतो; चड्डी चढवताना पायाची बुरशी जांघेला लागते. म्हणून पायाला चिखल्या असतील तर आधी मोजे घालावेत, मग चड्डी.

कातडीची घडी लालभडक, ओलसर, आग होणारी आणि मुख्य चट्ट्याच्या आजूबाजूला सुट्या लाल पुटकुळ्या असतील, तर ती कँडिडा नावाची दुसरी बुरशी असू शकते. स्थूल माणसांत आणि मधुमेहात ती जास्त दिसते. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीस येतो.

रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीजवळही खाजते आणि घरात दोघा-तिघांना एकदम झाले आहे, तर खरजेचा संशय घ्यावा. तिचे औषध वेगळे. तपकिरी, सपाट, फारशी खाज नसलेला डाग असेल तर तो जंतूंमुळेही होतो. आणि नुसती मांडीला मांडी घासून, ओल्या कपड्याने, सॅनिटरी पॅडने, कडक साबणाने किंवा डेटॉलने कातडी सोलवटली असेल, तर तो रोग नसून घर्षण आणि जळजळ आहे. तिथे ती वस्तू बंद करणे, जागा कोरडी ठेवणे आणि झिंकचे साधे मलम एवढे पुरते. आमच्या वस्तीत एकाने बॅटरीचे पाणी लावले होते, दुसऱ्याने रॉकेल. कातडी भाजून दोघेही आठवडाभर चालू शकले नाहीत.

पू, ताप, फार दुखणे, गाठ येणे किंवा लघवीच्या जागी जखम असेल तर घरी थांबू नये. जखम असेल तर सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असते. तिथे तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहते. भिंतीवरच्या जाहिरातीवाल्याकडे जाण्याचे काही कारण नाही.

उपचाराचे सूत्र सोपे आहे, पाळायला मात्र चिकाटी लागते. मलम फक्त बुरशीचे, स्टिरॉइड नसलेले असावे. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावे. मलम चकंदळाच्या कडेबाहेर दोन बोटे जागेवरही लावावे. आणि डाग दिसेनासा झाला तरी निदान दोन आठवडे पुढे चालू ठेवावे. आपण सगळे चुकतो ते इथेच. पोटात घ्यायच्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. यकृताचे दुखणे, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधे आधी सांगावीत. स्टिरॉइडची ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज आणि लाली उसळते. आमचीही उसळली होती. आमच्या सहचारिणीने त्या रात्री ती जुनी ट्यूब कचऱ्यात टाकली, नाहीतर आमचा हात पुन्हा तिच्याकडे गेला असता.

घरातल्या ज्यांना ज्यांना आहे, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा. नाहीतर नवऱ्याचे बायकोला आणि बायकोचे नवऱ्याला, हे चक्र थांबत नाही. टॉवेल ज्याचा त्याचा. चड्डी सुती आणि सैल, रोज बदललेली. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून, उन्हात कडकडीत वाळवावेत. बायका लाजेने आतले कपडे साडीखाली, सावलीत, दमटच वाळत घालतात; ही लाज रोगाला पोसते. अंघोळीनंतर जांघ टिपून कोरडी करावी, मगच कपडे घालावेत.

एक गोष्ट आमच्या घरात अवघड गेली. डॉक्टर म्हणाले, "कंबरेचा करदोडा काढा." तो सदा घामाने ओला असतो, त्यात बुरशी टिकते. गंडेदोरे, ताईत आपण केव्हाच टाकले. पण करदोडा मात्र 'पुरुषाच्या कंबरेला असावाच' म्हणून राहून गेला होता. आमच्या आईने तोंड फिरवले. आम्ही तिच्यासमोरच कात्रीने तो कापला. कातडीवर त्या जागी गोल चट्टा होताच. तो पाहिल्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नातवाचाही करदोडा काढला.

आम्हा दोघांना बरे व्हायला चार महिने लागले. पण त्या चार महिन्यांत एक चिठ्ठी डोळ्यांपुढून जात नव्हती. ज्याला आम्ही औषधाचे नाव लिहून दिले, त्याला कळवायला हवे होते. तो हंगामाला निघून गेला होता, हे निमित्त झाले. खरे कारण हे की चूक कबूल करायची लाज वाटत होती. दुखण्याची लाज गेली, पण ही लाज शिल्लक होती. असे दोन महिने गेले.

डिसेंबरात एका रविवारी आम्ही जिल्ह्याच्या उत्तर भागात, तो ज्या कारखान्याच्या हद्दीत होता तिथे गेलो. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये आमच्याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ऊस तोडणारा माणूस कसा राहतो ते कोपीत गेल्याशिवाय कळत नाही. पाचटाच्या आणि कागदाच्या त्या कोपीत उभे राहता येत नव्हते. अंघोळीला आडोसा नाही. पाणी हंड्याने आणायचे. पहाटे अंधारात फडात जायचे, दवाने कपडे भिजतात ते अंगावरच वाळतात, मग घामाने पुन्हा भिजतात. बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मोळ्या डोक्यावर वाहते. अशा ठिकाणी 'कोरडे राहा, रोज कपडे बदला' हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?

तो बैलांना वाढे टाकत होता. आम्ही सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून लावलं भाऊ. बारक्यालापण लावलं, त्याचंबी अंग लाल झालतं." त्याचा बारक्या दोन वर्षांचा. लहान मुलाच्या अंगात असे कडक स्टिरॉइड कातडीवाटे मुरते, वाढीवरही परिणाम करू शकते, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलेले होते. आमच्या पायातले बळ गेले. त्याने आम्हाला एक शब्दही उणा बोलला नाही, हे जास्त लागले.

मुकादमाशी बोलून त्यांना अर्धा दिवस मोकळे करून घेतले आणि तिघांना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. मुलाची ट्यूब बंद झाली. त्याला नंतर काही त्रास झाला नाही. नवरा-बायकोला औषधे मिळाली. आमच्याकडून आम्ही त्यांना दोन जादा टॉवेल, चार सुती चड्ड्या आणि परकर नेऊन दिले, म्हणजे एक जोड वाळेपर्यंत दुसरा घालता येईल. हंगाम संपेपर्यंत त्याचे बरेचसे गेले, तिचे थोडे राहिले. पाणी आणि आडोसा मिळाला असता तर तेही गेले असते. हा प्रश्न मलमाने सुटणारा नाही. तो आपल्याला कारखान्यांपुढे आणि सरकारपुढेच मांडावा लागेल, आणि अंघोळीच्या आडोशाची मागणी करताना लाजून चालणार नाही.

आता आम्ही कोणालाही औषधाचे नाव लिहून देत नाही. कोणी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, तर त्याला आमचेच सांगतो आणि सरकारी दवाखान्यात सोबत जातो. बायकांना आमची सहचारिणी नेते. महिला मंडळाच्या बैठकीत ती पहिल्यांदा या विषयावर बोलली, तेव्हा सुरुवातीला सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. बैठक संपल्यावर मात्र सात जणी मागे थांबल्या.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. कपाटातली खाजेची ट्यूब बाहेर काढा आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा. मग घरातल्या माणसाला विचारा, तुला कुठे खाजते का? उत्तर लगेच मिळणार नाही. आधी आपले सांगा.